कॅलेंडर उतरवून घेताना

दर एक जानेवारीला, मिस्सा आटोपून आल्यावर,
कार्मेलीन आत्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
देवळाची दोन कॅलेंडरं मांडायची,
जुनं डावीकडे, नवं उजवीकडे,
आणि आमचं अख्खं कूळ
निळ्या बॉलपेनने
या वर्षातून त्या वर्षात नेऊन ठेवायची.
एकशे सदतीस माणसं.
खिडकीबाहेर प्रेस्टनची चार वाजताची रात्र.

चार इनास होते आमच्यात.
गिरणीतला इनास पहिला आला, रात्रपाळीला,
त्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला,
मेव्हण्याने उरलेली वाडी.
मग बसवाला इनास, टकल्या इनास,
आणि कोव्हेंट्रीचा, जो स्वतःला इग्नेशियस म्हणवतो.
आत्याकडे तो इनासच राहिला.

मेलेल्यांना ती गाळत नसे.
नावापुढे छोटा क्रूस, वाढदिवस चालूच.
आजोबा यंदा एकशे एकोणीस वर्षांचे.
सब्रीनाने घटस्फोट घेतला, तरी तिचा डेरेक मार्चमध्ये होताच.
"लग्न तिनं मोडलं, मी नाही," आत्या म्हणे,
आणि त्याला कार्ड जाई,
त्याचंही येई, मांजराचं चित्र असलेलं.

फक्त नऊ ऑक्टोबरला नाव नव्हतं.
ठिपका होता.
मी नऊ वर्षांची असताना विचारलं.
"शाई सांडली," म्हणाली.
पुढच्या वर्षीही सांडली. तेवीस वर्षं
त्याच चौकटीत सांडत राहिली.

मोठ्यांना ठाऊक होतं. बस्त्याव काका.
त्यांनी वसईची जमीन, बावखलासकट,
कुणाला न विचारता विकली
आणि बर्नलीत दुकान घेतलं.
"एवढ्या चांगल्या घराला गालबोट," पापा म्हणत,
नाव न घेता, मासा सोलता सोलता.

आत्या फेब्रुवारीत गेली.
देवळात उभं राहायला जागा नव्हती.
पेटी सहा पुतण्यांच्या खांद्यावर, त्यातले दोन इनास,
उंचीत फरक, म्हणून ती जरा तिरकी निघाली.
नंतर हॉलमध्ये ट्युना सँडविच आणि इंद्याल
एकाच टेबलावर, आणि कोटांच्या रांगेजवळ
टोपी हातात धरून एक म्हातारा.
कुणी बघत नव्हतं, इतक्या जोरात बघत नव्हतं
की मीच चहा घेऊन गेले.

"मी होतो का गं कॅलेंडरवर?"

खोटं बोलता आलं असतं.
"ठिपका होता," मी म्हणाले.

काकांनी बशी रेडिएटरवर ठेवली.
हात डाव्या गालाकडे गेला, कानाच्या जरा खाली,
जिथं आता नुसत्या सुरकुत्या.
"चार वर्षांचा होईपर्यंत
रोज तीट लावायची मला. तव्याची काजळी, बोटाने.
मी तिच्या कडेवर, ती स्वतः एवढीशी.
फादर ओरडायचे, हे आपल्यात चालत नाही.
तर म्हणायची, तुम्ही प्रार्थना करा फादर,
मी ठिपका लावते."

चहा तसाच राहिला. बर्नलीची बस सव्वापाचला होती.

आज एक जानेवारी.
कॅलेंडर माझ्याकडे आलंय, माझं अक्षर बरं म्हणून,
आणि दुसऱ्या कुणी मागितलं नाही म्हणून.
मी, जी देवळात लग्नाला जाते आणि मयताला.
आत्याच्या नावापुढे क्रूस काढला, वाकडा आला.
डेरेक लिहिला. चारही इनास लिहिले.
नऊ ऑक्टोबरला लिहिलं: बस्त्याव.
पापा बघतील. फोन येईल.
येऊ दे.

मग नावाच्या डाव्या अंगाला, जरा खाली,
पेन टेकवून ठेवलं
शाई पसरेपर्यंत.

अजून नोव्हेंबर व्हायचाय.
आमच्याकडे नोव्हेंबरात फार माणसं जन्मलीत.